पसरणी घाट आणि एक फुस्स आवाज

मुलांनो, वाईहून पाचगणीला जाताना लागणारा पसरणी घाट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? हात वर करा बघू! वा, बरेच हात दिसताहेत. आता सांगा, त्या घाटात काय काय पाहिलंत? "खाली वाई गाव दिसतं." "धोम धरणाचं पाणी चमकतं." "माकडं असतात." "मला उलटी झाली!" अगदी बरोबर. घाट म्हटला की आपण सगळे खिडकीतून बाहेर बघतो. आज मात्र मी तुम्हाला हाच घाट एका वेगळ्याच जागेवरून दाखवणार आहे. ती जागा म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा उजवा पाय!

आमच्याकडे एक जुनी कॉन्टेसा गाडी आहे. तुम्ही कदाचित पाहिलीही नसेल, पण आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे लगेच चमकतील. अँबेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सनेच कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथे १९८४ पासून ती बनवायला सुरुवात केली. तिचा आकार व्हॉक्सहॉल व्हिक्टर या इंग्लंडच्या गाडीवरून घेतलेला. लांबलचक बॉनेट आणि मागची सीट म्हणजे घरातला सोफाच! २००२ च्या सुमारास ती बनायची बंद झाली. आमची गाडी १९८९ सालची, माझ्या वडिलांनी हौसेने घेतलेली. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर थोडासा गर्वही आला. "आमच्या गाडीला काही होत नाही," असं मी चारचौघांत ठणकावून सांगत असे. हे वाक्य लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडणार आहे.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये मी माझ्या भाचरांना घेऊन पाचगणीला निघालो. भाची आठवीत, भाचा चौथीत. ताई, म्हणजे त्यांची आई, घरीच थांबली होती. सकाळी पुण्यातून निघालो. कात्रजचा बोगदा गेला, नीरा नदीचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, खंबाटकीचा घाट चढून उतरलो आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाईत पोचलो. कृष्णेच्या घाटावर जाऊन ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात झालं, हेही मुलांना सांगून टाकलं. मामा झालं की एवढं ज्ञान द्यावंच लागतं!

परत गाडीत बसलो. मी गाडी सुरू केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि भाचीने कान टवकारले.

"मामा, तुम्ही ब्रेक दाबलात की कसला तरी आवाज येतो. फुस्स... असा. एस.टी.सारखा!"

"मग बरंच की!" मी हसत म्हणालो. "आपली गाडी एस.टी.एवढी भक्कम आहे!"

"आणि ब्रेक दाबून ठेवलात की इंजिन थरथरतं."

"थंडी वाजत असेल त्याला," मी म्हणालो. धाकटा खो खो हसला. भाची हसली नाही.

खरं सांगू का? मला आणखीही दोन गोष्टी माहीत होत्या, पण मी त्या मनावर घेतल्या नव्हत्या. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची एक छोटी टाकी असते. त्यातलं ऑइल दोन महिन्यांत तीनदा कमी झालं होतं. मी गाडीखाली वाकून बघायचो, तर जमिनीवर एक थेंबही सांडलेला नसायचा! मग मी ऑइल भरायचो आणि विसरून जायचो. दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीतले एक आजोबा सकाळी म्हणाले होते, "अहो, तुमच्या गाडीतून पांढरा धूर येतोय बरं का." मी त्यांनाही म्हणालो होतो, "थंडीचे दिवस आहेत, आजोबा."

आता तुम्हीच डिटेक्टिव्ह व्हा. पुरावे चार : फुस्स आवाज, ब्रेक दाबल्यावर थरथरणारं इंजिन, न सांडताच नाहीसं होणारं ऑइल आणि पांढरा धूर. गुन्हेगार कोण? विचार करा, तोवर आपण घाट चढू.

घाटात

पसरणी गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. शाहीर साबळे यांचा जन्म याच गावातला. गाव मागे पडलं की रस्ता डोंगराला बिलगून वर जायला लागतो. वाई ते पाचगणी अंतर सुमारे १२ किलोमीटर, पण तेवढ्यात आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढतो. चढताना काहीच त्रास झाला नाही. चढावर ब्रेक लागतोच कुठे? टेबल लँडवर मुलं मनसोक्त हुंदडली, स्ट्रॉबेरी खाल्ल्या आणि चार वाजता आम्ही परत निघालो.

तीन-चार वळणं उतरलो असू. पुढे एक एस.टी. होती. वळणावर समोरून ट्रक आला, म्हणून एस.टी. थांबली. मी ब्रेक दाबला, आणि काय सांगू! पायाखाली कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटलं. पेडल खाली जाईचना. गाडीचा वेग जरासा कमी झाला, पण एस.टी.ची मागची बाजू मोठी मोठी होत चालली. मी उजव्या पायावर होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला आणि हँडब्रेक हळूहळू ओढत नेला. गाडी थांबली. एस.टी. आणि आमच्यामध्ये दोन हातांचं अंतर उरलं होतं.

गाडीत अगदी शांतता. मग मागून धाकट्याचा झोपाळलेला आवाज आला, "पोचलो का?"

मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाकांखाली दगड लावले. माझे हात थरथरत होते, आणि या वेळी थंडी वाजत नव्हती. भाची काही बोलली नाही. "मी सांगितलं होतं," असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाईतल्या मित्राला फोन केला. तो येऊन गाडीपाशी थांबला. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून पुण्याला आणली. दोर बांधून टोचन करून नाही हं! ज्या गाडीचे ब्रेक धड नाहीत तिला दोराने ओढत घाट उतरवणं म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण. आम्ही तिघं हात करून थांबवलेल्या एस.टी.त बसलो.

प्रत्येक वळणानंतर एस.टी. फुस्स करायची. भाचीने विचारलं, "मामा, एस.टी.चा फुस्स चांगला, मग आपला वाईट का?"

प्रश्न एकदम बरोबर होता. एस.टी.च्या ब्रेकमध्ये पंपाने दाबून भरलेली हवा काम करते. ब्रेक सोडला की वापरलेली हवा बाहेर पडते, तिचा तो आवाज. ती हवा बाहेर पडायलाच हवी. आमच्या गाडीत मात्र हवा जिथे शिरायला नको तिथे शिरत होती.

रात्री ताईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दादा, त्या गाडीत मुलं पुन्हा बसणार नाहीत." मी मान खाली घातली. चूक गाडीची नव्हती. ती चार वेळा बोलली होती, ऐकलं नव्हतं मी.

नाना पेठेत

पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग हवा असेल तर लोक एकच पत्ता सांगतात : नाना पेठ. ही पेठ नाना फडणवीसांच्या नावाची. गंमत बघा, वाईजवळच्या मेणवलीला नानांचा मोठा वाडा आहे. म्हणजे नानांच्या मुलखात गाडी बंद पडली आणि नानांच्या पेठेत ती दुरुस्त व्हायची होती!

मिस्त्रींचं गॅरेज पेठेच्या जवळच आहे. सुट्टीचा दिवस होता म्हणून भाची हट्टाने माझ्याबरोबर आली. (गॅरेजमध्ये जायला ताईची हरकत नव्हती. तिथे गाडी जागेवरच उभी असते ना!) मिस्त्रींनी मला काही विचारलंच नाही. त्यांनी तिला विचारलं, "काय काय दिसलं, सांग बरं पोरी." तिने चारही पुरावे सांगितले. मिस्त्री म्हणाले, "निम्मं काम हिनंच केलंय."

मग त्यांनी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद. "पाच वेळा ब्रेक दाब. घट्ट झाला? आता पाय तसाच दाबून ठेव." आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. "पेडल जरा खाली गेलं का?"

"नाही. आहे तिथंच आहे."

"झालं. बूस्टर कामातून गेला."

आता हा बूस्टर म्हणजे काय, ते समजून घेऊ. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला एक काळा, गोल, मोठ्या डब्यासारखा भाग चिकटलेला दिसतो. तो बूस्टर. त्याच्या नाकावर एक लांबट नळकांडं बसवलेलं असतं, तो मास्टर सिलिंडर. आणि त्याच्या डोक्यावर ऑइलची टाकी.

मास्टर सिलिंडरचं काम तुम्ही घरीच करून बघू शकता. बिनसुईची एक नवी सिरिंज घ्या, त्यात पाणी भरा, बुडबुडे सगळे घालवा आणि तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबा. दट्ट्या हलत नाही. दाब थेट बोटावर येतो. मास्टर सिलिंडरमध्ये असाच दट्ट्या ऑइलला ढकलतो, आणि तो दाब पाइपांमधून चारही चाकांपर्यंत जातो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल. पास्कल होऊन गेला सतराव्या शतकात. चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी आली ती १९२१ साली.

पण गाड्या जड झाल्या, वेग वाढला, आणि माणसाचा पाय मात्र तेवढाच राहिला. मग पायाला मदतनीस हवा. बेल्जियमच्या अल्बेर ड्यूआंद्र या इंजिनिअरने १९२७ मध्ये तो शोधला. त्याने कामाला लावलं कुणाला, ठाऊक आहे? आपल्या आजूबाजूच्या हवेला!

बूस्टरच्या डब्यात मधोमध एक रबरी पडदा असतो. पेट्रोलचं इंजिन हवा ओढून घेत असतं. त्या ओढीने पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा विरळ करून ठेवलेली असते. तुम्ही ब्रेक दाबला की पेडलाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. आता एका बाजूला भरपूर हवा, दुसऱ्या बाजूला विरळ. पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला रेटतो. ही ढकल किती मोठी असते? गणित करू या. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंतला फरक ०.६५ किलो धरला, तरी गुणाकार येतो दोनशेच्या वर. म्हणजे तुमच्या पायाच्या मदतीला तीन मोठी माणसं धावून आली!

आमच्या गाडीतला पडदा फाटला होता. म्हणजे घाटात ब्रेक गेले नव्हते, ब्रेकची मदत गेली होती. म्हणूनच पेडल दगडासारखं लागलं आणि सगळं बळ लावल्यावर का होईना, गाडी थांबली. फाटलेल्या जागेतून हवा शिरायची, तो फुस्स आवाज. ती नको असलेली हवा इंजिनात जायची, म्हणून ते थरथरायचं. नवा बूस्टरसुद्धा ब्रेक दाबताक्षणी बारीकसा सुस्कारा टाकतो. पण पाय दाबून ठेवला तरी आवाज चालूच राहिला, तर तो धोक्याचा.

दोन पुरावे उलगडले. ऑइल आणि धूर मात्र अजून बाकी होते.

नख अडकलं!

मिस्त्रींनी टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून घेतलं. ते सोनेरी असायला हवं होतं, पण निघालं चहाच्या रंगाचं. पाइपांचे नट सोडवून त्यांची तोंडं बंद केली. मग दोन नट काढून मास्टर सिलिंडर बूस्टरपासून वेगळा केला, आणि म्हणाले, "बघा साहेब, तुमचं ऑइल इथं आहे."

बूस्टरचं तोंड ओलंचिंब होतं. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाला एक रबरी वॉशर असतो. तो झिजला होता. ऑइल जमिनीवर न पडता मागे बूस्टरच्या पोटात जात होतं. तिथून इंजिन ते ओढून घेत होतं आणि जाळत होतं. हाच तो पांढरा धूर! आणि त्याच ऑइलने बूस्टरचा रबरी पडदा नासवला होता. चारही पुरावे एकाच चोराकडे बोट दाखवत होते.

मी हळूच विचारलं, "मिस्त्री, वॉशरचं किट टाकून मास्टर सिलिंडर चालेल का? बूस्टर तेवढा नवा घेऊ."

मिस्त्रींनी सिलिंडर पुसून भाचीच्या हातात दिला. "आत बोट घाल आणि नख फिरव. हळूच हं."

"अडकतंय नख."

"किती ठिकाणी?"

"एक... दोन... तीन ठिकाणी."

"गंजाचे खड्डे आहेत ते. नवा वॉशर त्याच्यावर घासणार, चार महिन्यांत फाटणार, आणि तेल पुन्हा नव्या बूस्टरमध्ये जाणार. दोन्ही बदलायचे. नाहीतर मी हात लावणार नाही."

सिलिंडरला आतून गंज कसा लागला? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून. डॉट ३ जातीचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ओलावा मुरला की हाच आकडा १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी नुसतं वरून भरत राहिलो. बदललं शेवटचं कधी, ते मला आठवतही नव्हतं.

दोन्ही जुने भाग पिशवीत घालून आम्ही पेठेत निघालो. काय ते दृश्य! दुकानाला लागून दुकान, छतापर्यंत खोकी, दारात टांगलेले सायलेन्सर, आणि सगळीकडे रबर आणि ग्रीस यांचा वास. दुकानदार नाव विचारतच नाही, म्हणतो, "सँपल दाखवा." पहिल्या दुकानात मान हलली. दुसऱ्यातही. बंद झालेल्या गाडीचे भाग कोण ठेवणार? पाचव्या दुकानातले आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मास्टर आहे. बूस्टर परवा मागवून देतो." भाचीने जुना आणि नवा भाग शेजारी शेजारी ठेवून पाइपांची भोकं, नटांची जागा, टोकाची लांबी असं सगळं ताडून पाहिलं. आजोबा मला म्हणाले, "हिला इथंच ठेवून जा!"

दाब! सोड!

पुढच्या रविवारी काम झालं. डॅशबोर्डखाली उताणं पडून मिस्त्रींनी पेडलाची पिन काढली, चार नट सोडवले आणि जुना बूस्टर बाहेर ओढला. नवा बसवताना त्यांनी त्याच्या पुढच्या दांड्याची लांबी दोनदा मोजली. हा दांडा जराही लांब झाला तर ब्रेक कायम थोडे लागलेले राहतात आणि तापतात. आखूड झाला तर पेडल उगाच खोल जातं.

मास्टर सिलिंडर त्यांनी थेट बसवला नाही. आधी टेबलावरच्या शेगड्यात धरला, त्यात नवं ऑइल भरलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या सावकाश आत-बाहेर केला. कशासाठी? पुन्हा ती सिरिंज घ्या. आता त्यात पाण्याबरोबर थोडी हवा राहू द्या आणि दाबा. दट्ट्या आत जातो! हवा दबते. ब्रेकच्या पाइपात बुडबुडा राहिला तर तुमचा पाय चाकाऐवजी बुडबुड्यालाच दाबत बसतो.

म्हणून शेवटी चारही चाकांची हवा काढायची असते. सगळ्यात लांबचं चाक आधी : मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मिस्त्री चाकापाशी, मी ऑइलच्या टाकीपाशी आणि पेडलावर भाची.

"दाब!"

"दाबलं!"

मिस्त्री चाकाजवळचं निपल सैल करत. पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येत. निपल परत घट्ट केलं की, "सोड!"

तिसऱ्या चाकाला भाची अचानक ओरडली, "काका, चुकलं! मी आधीच सोडलं!"

निपल उघडं असताना पेडल सोडलं की नळीतून हवा परत आत जाते. त्या चाकाचं काम पहिल्यापासून. मला वाटलं, मिस्त्री रागावतील. ते म्हणाले, "लगेच सांगितलंस, बेस झालं. चल, पुन्हा."

मी मान वळवून टाकीत बघत राहिलो. ऑइलचे दोन थेंब मडगार्डवर सांडले होते, ते मी घाईघाईने पाण्याने धुतले. ब्रेक ऑइल रंग खातं. ते विषारीही असतं, म्हणून हाताला लागलं की हात साबणाने धुवायचे.

शेवटी पुन्हा तीच परीक्षा. इंजिन बंद, पाच वेळा ब्रेक, पाय दाबलेला. इंजिन सुरू झालं आणि भाचीचा चेहरा उजळला. "गेलं! पेडल खाली गेलं!"

पुन्हा घाटात

लगेच घाटात गेलो असं समजू नका. आधी मोकळ्या मैदानात सायकलच्या वेगाने, मग आठवडाभर गावातल्या गावात. टाकीवर पेनाने रेघ मारून ठेवली होती. ऑइल रेघेखाली गेलं नाही. मग मी ताईकडे गेलो. काय झालं होतं, काय बदललं, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "चूक माझी होती. तू म्हणशील तसं." ताईने भाचीकडे पाहिलं. भाची म्हणाली, "आई, मी स्वतः नख फिरवून पाहिलंय. नवा सिलिंडर आतून एकदम गुळगुळीत आहे."

ताई म्हणाली, "ठीक आहे. पण मी पण येणार."

असे आम्ही चौघं फेब्रुवारीत पुन्हा पाचगणीला गेलो. आणि उतरताना मी मुलांना हा घाट पायाने कसा बघायचा ते सांगितलं. माणसांसकट गाडी दीड टनाची धरा. ती साडेपाचशे मीटर खाली उतरवायची, तर तिच्यातली तेवढी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेने वीसपेक्षा जास्त लिटर पाणी उकळेल, मोठ्या दोन बादल्या! ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापणारच. म्हणून निम्मं काम इंजिनाला द्यायचं. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायचं नाही, कधीच नाही! इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये दोन-तीनदा दाबण्यापुरतीच मदत शिल्लक राहते. त्यानंतर पायाखाली दगड.

आणखी एक गंमत. पाचगणीची उंची जवळजवळ १,३०० मीटर. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने कमी असतो. म्हणजे आपल्या मदतनिसाचं बळही तिथे थोडं कमीच!

ते वळण आलं. मी मुद्दाम गाडी हळू केली. पायाखाली पेडल लोण्यासारखं गेलं. भाचीने कान टवकारले. ताईने समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. खाली वाई उन्हात पसरली होती. गाडीत कुणीही बोलत नव्हतं.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला... फुस्स्स्!

"थांबव!" ताई किंचाळली. मी गाडी डोंगराकडे घेतली आणि थांबवली. अगदी सहज थांबली ती. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. धाकटा सोड्याच्या बाटलीचं झाकण हातात धरून बसला होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "पोचलो का?"

असं हसलो आम्ही, की विचारू नका!

तर मुलांनो, ब्रेकचं काम घरी करायचं नसतं, ते जाणत्या मिस्त्रींचंच. पण तुमचे कान आणि डोळे तर तुमचेच आहेत ना? गाडीत काही वेगळं ऐकू आलं, दिसलं, तर मोठ्यांना सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा. आणि आईबाबांनो, मुलांनी सांगितलं तर गाडी बाजूला घ्या आणि एकदा बॉनेट उघडून बघा.